मांजर दवाखान्यात न्यायची तर पोत्यात घालू नका

एप्रिल महिना होता. आमच्या चिंगीच्या मागच्या पायावर गळू झालं होतं आणि चार दिवसांपासून ती छपराच्या कवेलूंवरून खाली उतरायला तयार नव्हती. तालुक्याच्या ढोरांच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. मामाजी म्हणाले, "पोत्यात टाक अन् सुतळीनं तोंड बांध. वाट नाही दिसली म्हणजे गुमान बसते." गावात सगळे असंच नेतात, म्हणून आम्हीही तसंच केलं. खताचं रिकामं पोतं धुऊन घेतलं, त्यात तिला घातलं आणि मांडीवर घेऊन मी गाडीवर मागे बसले. भाऊजी चालवत होते. अंतर २२ किलोमीटर. स्वयंपाक, डबे आवरून निघेपर्यंत साडेदहा वाजले होते.

दवाखान्याच्या ओट्यावर पोतं सोडलं तेव्हा चिंगी कुत्र्यासारखी जीभ काढून धापा टाकत होती. गळ्याखालचे केस लाळेनं चिकटले होते. बाहुल्या इतक्या पसरल्या होत्या की डोळ्यांतला पिवळा रंग जवळजवळ दिसतच नव्हता. डॉक्टरांनी गळवाकडे पाहिलंही नाही. आधी तिला पंख्याखाली घेतलं, ओल्या फडक्यानं पंजे आणि पोट पुसलं, मग थर्मामीटर लावला. १०५ फॅरनहाइट. मांजरीचं नेहमीचं तापमान साधारण १००.५ ते १०२.५ असतं. "अजून पंधरा मिनिटं पोत्यात राहिली असती तर गळवाचा उपचार करायची वेळच आली नसती," एवढंच ते बोलले.

ती वाचली. आज ती पाच वर्षांची आहे आणि दवाखान्यात जायचं असेल तर स्वतःच्या पायानं पेटीत जाऊन बसते. हे कसं जमलं, आणि त्यामागे काय कारण आहे, ते सांगते.

भीती रस्त्याची नसते

आपल्याला वाटतं मांजर गाडीला घाबरते. गाडी हा त्यातला थोडाच भाग. कुत्र्याला त्याचा माणूस सोबत असला की निम्मं घर सोबत असतं. मांजरीचं तसं नाही. तिचा विश्वास जागेवर असतो, आणि ती जागा ओळखते मुख्यतः वासावरून. मांजर दाराच्या चौकटीला, बाजेच्या पायाला, आपल्या पोटरीला गाल घासते, ते आपण लाड समजतो. तिच्या गालात ग्रंथी असतात. त्यातला वास ती त्या वस्तूवर लावत असते. तो वास आला की तिला कळतं, ही आपली जागा आहे, इथे धोका नाही. घरभर अशा तिच्या खुणा असतात. आपल्या नाकाला त्यातली एकही येत नाही.

आता तिला पोत्यात घाला. चौकट गेली, बाज गेली, खुणा गेल्या. नाकाशी युरियाचा जुना वास. पायाखाली घट्ट असं काही नाही, त्यामुळे नख्या कुठे रोवाव्यात ते कळत नाही. शरीराचा तोल सांभाळणारं इंद्रिय कानाच्या आत असतं. ते सांगतं की आपण हलतोय, आणि डोळ्यांना दिसत काहीच नाही. माणसाला घाटात मळमळतं ते अशाच गोंधळामुळे. त्यात आवाज. आपल्याला फार तर २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजरीला साधारण ६४ हजारांपर्यंत. ब्रेकची, साखळीची जी कर्कश किरकिर आपल्या कानापर्यंत पोचतच नाही, ती तिला ऐकू येते. "वाट नाही दिसली म्हणजे गुमान बसते" हे खरं आहे, पण ते गुमान बसणं म्हणजे भीतीनं गोठणं. मोठ्यानं ओरडणाऱ्या मांजरीपेक्षा अंग आकसून, कान मागे पाडून मुकाट बसलेल्या मांजरीची मला जास्त काळजी वाटते.

यावर आमच्या शेजारच्या काकूंनी छान प्रश्न विचारला होता. मांजर आपली पिल्लं सात घरं फिरवते म्हणतात, मग तिला जागा बदलायचा एवढा त्रास कसा? फरक असा की तेव्हा जागा ती स्वतः निवडते. आधी जाऊन हुंगून येते, सामसूम झाली की एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. कोणी तिच्या मागे लागलेलं नसतं. आणि मान धरली की पिल्लू जसं सैल पडतं, तसं मोठं मांजर पडत नाही. मोठ्या मांजरीला मानेला धरून उचललं की सगळं वजन त्या कातडीवर लोंबतं, आणि ती शांत दिसते ती घाबरल्यामुळे. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, आणि तिचं अंग आपल्या अंगाला टेकलेलं, असं उचलावं.

ही भीती घरी आल्यावर संपते असंही नाही. घाबरलेल्या मांजरीच्या रक्तातली साखर एवढी वाढू शकते की तपासणीत मधुमेहाची शंका यावी. काही मांजरींना ताणामुळे मूत्राशयाला सूज येते. बोक्यांची मूत्रनलिका अरुंद असते, त्यांची लघवी तुंबू शकते. प्रवासानंतर बोका वारंवार लघवीला बसतोय, कण्हतोय आणि थेंबही येत नाही असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. एक-दोन दिवसांत जीव जातो.

कॅरेटची पेटी

शहरात मांजरीसाठी प्लास्टिकच्या पेट्या मिळतात. घेता आली तर वरून उघडणारी किंवा वरचा अर्धा भाग निघणारी घ्या, फक्त समोर दार असलेली नको. घाबरलेली मांजर आत कोपऱ्यात बसते आणि समोरून ओढली की चावते. वरचं झाकण काढलं तर डॉक्टर तिला खालच्या भागात बसल्या बसल्याच तपासू शकतात.

आमच्याकडे ती पेटी नव्हती. आम्ही भाजीची दोन प्लास्टिकची कॅरेट घेतली, एकावर एक पालथं ठेवलं आणि एका लांब बाजूला नायलॉनच्या दोरीनं तीन ठिकाणी बांधलं. ती झाली बिजागरी. दुसऱ्या बाजूला दोन जागी दोरीचे फास, ओढले की बंद. हवा चारही बाजूंनी येते, बूड सपाट आणि टणक, धुवायला सोपं. जाळी बारीक आहे ना ते मात्र पाहा, पिल्लाचं डोकं अडकेल एवढी भोकं नकोत. आत मांजर उभी राहू शकली, वळू शकली, पाय दुमडून बसू शकली की माप बरोबर. फार मोठी पेटी चांगली नाही, वळणावर ती आत घसरत राहते.

आमच्या भागात कॅरेट म्हटलं की बहुतेक वेळा संत्र्याचं असतं. इथे एक अडचण आहे. संत्र्याच्या सालीतल्या तेलाचा वास मांजरीला मुळीच सोसत नाही. आमचं पहिलं कॅरेट तिनं दुरून हुंगलं आणि पाठ फिरवली. साबणाच्या पाण्यानं तीनदा घासून, आठ दिवस उन्हात ठेवून मग ते चाललं. घासताना फिनाइल वापरू नका. डेटॉलही नको. या औषधांतले फिनॉलसारखे घटक मांजरीचं यकृत नीट बाहेर टाकू शकत नाही, आणि पायाला लागलेलं ती चाटतेच. साधा साबण आणि भरपूर पाणी पुरे.

कोंबड्यांचं डालं चालत नाही, त्याला बूड नसतं आणि मांजर खालून निसटते. खोकं दहा मिनिटांच्या रस्त्याला ठीक, पण भीतीनं लघवी झाली की ओलं होऊन खालून फाटतं. भर बाजारात मांजर अशी निसटली की पुन्हा सापडणं कठीण.

पेटीच्या तळाशी गोणपाट, त्यावर वर्तमानपत्राची जाड घडी, आणि सगळ्यात वर तिच्या रोजच्या झोपण्याचं फडकं. न धुतलेलं. धुतलं की तिचा वास जातो, आणि तो वासच तर सोबत न्यायचा आहे. चिंगीसाठी माझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा आहे, ज्यावर ती चुलीजवळ झोपते.

प्रवास दीड महिना आधी सुरू होतो

व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. २२ मांजरी घेतल्या, त्यातल्या ११ मांजरींना सहा आठवडे पेटीची सवय लावली. नंतर सगळ्यांना गाडीतून नेऊन तपासलं. सवय झालेल्या मांजरींमध्ये ताणाची लक्षणं कमी दिसली आणि त्यांची तपासणीही लवकर आटोपली. हे वाचलं तेव्हा मला आमच्या पोत्याची फार लाज वाटली, कारण यात खर्च काहीच नाही.

आम्ही पेटी बंगईखाली, म्हणजे झोपाळ्याखाली, उघडी ठेवून दिली आणि तिथेच राहू दिली. तिला हात धरून आत बसवलं नाही. रोज संध्याकाळी आत दोन-तीन सुके झिंगे टाकायचे, बस. पहिला आठवडाभर चिंगी पुढचे दोन पाय आत टाकायची, मागचे दोन बाहेरच रोवलेले, अंग लांबवून झिंगा तोंडात धरायची आणि बाजेखाली नेऊन खायची. दुसऱ्या आठवड्यात ती आतच खाऊ लागली, पण कान सतत मागे वळलेले. तिसऱ्या आठवड्यात दुपारी पाहिलं तर पेटीत गोल होऊन झोपलेली, आणि गाल कॅरेटच्या कडेला घासून घासून तिथे तिच्या केसांची एक पुसट रेघ उमटलेली. त्या दिवशी मी निर्धास्त झाले. पेटी आता तिची झाली होती.

मग झाकण एक मिनिट बंद करायचं, उघडायचं, झिंगा द्यायचा. मग पेटी उचलून अंगणात एक चक्कर. मग उभ्या गाडीवर ठेवून नुसतं इंजिन चालू करायचं. मग वावरापर्यंत जाऊन परत. ती घाबरली तर एक पायरी मागे यायचं, घाई करायची नाही. दवाखान्यातून आल्यावरही पेटी माळ्यावर टाकू नका. पेटी दिसली की दवाखाना हे गणित तिच्या डोक्यात बसलं तर पुढच्या वेळी ती थेट कवेलूंवर जाते.

आणि वेळच नसेल तर? साप चावला, कुत्र्यानं फाडलं, तेव्हा कोण दीड महिना थांबणार. तेव्हा तिच्या मागे घरभर धावू नका. पोट्ट्यांना बाहेर काढा, एका लहान खोलीत दार लावून घ्या, तिच्या ओळखीची चादर अलगद तिच्या अंगावर टाका आणि चादरीसकट उचला. पेटी उभी धरून मागच्या पायांकडून आत सोडली की ती कमी अडते. तिनं चावा घेतला किंवा बोचकारलं तर जखम वाहत्या पाण्यात साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजच्या लशीबद्दल विचारा. घरचीच मांजर आहे म्हणून सोडून देऊ नका.

पोट, दूध आणि गोळ्या

निघण्याआधी चार तास पोटभर जेवण नको, पाणी मात्र चालेल. लहान पिल्लांना इतका वेळ उपाशी ठेवायचं नाही. ऑपरेशन असेल तर किती तास रिकामं पोट हवं ते डॉक्टर सांगतील तसंच. निघताना माया म्हणून वाटीभर दूध पाजतात, ते टाळा. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरींना दुधातली साखर पचत नाही, मग जुलाब होतात, आणि तेही बंद पेटीत.

गोळ्यांबद्दल मी हात जोडून सांगते, आपल्या मनानं एकही देऊ नका. "शांत राहील" म्हणून माणसाची गोळी अर्धी करून देणारे लोक मी पाहिले आहेत. पॅरासिटामॉल तर मांजरीला विषच आहे. आपलं यकृत ज्या वाटेनं ते औषध निकामी करतं, ती वाट मांजरीच्या यकृतात फार तोकडी असते. रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात. एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. खरोखर फार घाबरणाऱ्या मांजरीसाठी पशुवैद्य गॅबापेंटिन देतात, निघण्याआधी साधारण दीड-दोन तास, तिच्या वजनाप्रमाणे. रस्त्यात उलटी करणाऱ्या मांजरीसाठी वेगळं औषध आहे. दोन्ही डॉक्टरांनी सांगितलं तरच.

ऊन

विदर्भात हा विषय वेगळा काढून सांगावाच लागतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंश सेल्सिअसला सहज टेकतो, आणि २५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापाचे नऊ दिवस, लागला की सकाळी नऊलाच झळा सुरू होतात. माणूस अंगभर घामानं थंड होतो. मांजरीला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांना, तेवढ्यानं काय होणार. ती अंग चाटून थोडं थंड करून घेते, पण पोत्यात तेही जमत नाही. मांजर तोंड उघडून धापा टाकतेय म्हणजे हद्द झाली. कुत्र्यात ते रोजचं असतं, मांजरीत ती धोक्याची खूण आहे.

म्हणून उन्हाळ्यात सकाळी सहाला निघा, आठच्या आत पोचा. दवाखाना उशिरा उघडत असेल तर तिथे झाडाखाली थांबणं परवडतं. पेटीवर पातळ सुती दुपट्टा टाका, दोन बाजू उघड्या ठेवून. अंधार आणि आडोसा तिला हवाच असतो, फक्त वारा अडायला नको. रस्त्यात धापा लागल्या तर सावलीला थांबा, पंजे, पोट, कान साध्या पाण्यानं ओले करा, वारा घाला. बर्फ नको. तोंडात पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जातं. ओलं फडकं गुंडाळून ठेवू नका, थोड्या वेळानं तेच गरम होतं. आणि तिथून सरळ दवाखान्यात, ती बरी दिसत असली तरी.

उन्हात उभ्या चारचाकीत तिला ठेवून "दोन मिनिटांत येतो" म्हणून उतरू नका. काचा थोड्या उघड्या असल्या तरी पहिल्या दहा मिनिटांतच आतली गरमी साधारण दहा अंशांनी चढते.

कशातून न्यायचं

बहुतेकांकडे मोटारसायकलच असते. पेटी मागच्या कॅरिअरला बांधू नका. ते मागच्या चाकाच्या वरच असतं, प्रत्येक खड्डा थेट मांजरीच्या अंगात जातो. मागे बसणाऱ्यानं पेटी मांडीवर, खाली गोधडीची घडी घालून, दोन्ही हातांनी सपाट धरावी. आपलं अंग धक्के पिऊन घेतं. सायलेन्सरची बाजू टाळा. एकट्यानं गाडी चालवत मांजर नेऊ नका, पिशवीत तर नाहीच. चारचाकीत पेटी पुढच्या सीटच्या मागे खाली ठेवली तर कमी हलते.

काळी-पिवळीत, म्हणजे प्रवासी जीपमध्ये, गर्दी, टेप आणि कोंबड्या एकदमच असतात. पर्याय नसेल तर खिडकीशेजारची जागा घ्या आणि पेटी मांडीवर ठेवा, पायाशी नको. एसटीत बसण्याआधी कंडक्टरला विचारा, बसल्यावर वाद नको. रेल्वेत स्लीपर किंवा चेअरकारमध्ये पाळीव जनावर नेता येत नाही. वातानुकूलित पहिल्या वर्गाचा पूर्ण कूपे घेतला तर सोबत नेता येतं, नाहीतर गार्डच्या डब्यात. गार्डच्या डब्यात मांजर मी तरी पाठवणार नाही.

लांबच्या प्रवासासाठी कायदाही आहे. जनावरांच्या वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांत कुत्र्या-मांजरांसाठी वेगळं प्रकरण आहे. पशुवैद्यांचं आरोग्य प्रमाणपत्र हवं, गाभण अवस्थेच्या शेवटी असलेली मांजर नेऊ नये, आणि रस्त्यात उन्हाळ्यात दर चार तासांनी, हिवाळ्यात दर सहा तासांनी पाणी द्यावं असं त्यात लिहिलं आहे. त्याआधीच्या १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानं जनावर यातना होतील अशा रीतीनं नेणं हा गुन्हा आहे, आणि उपाशी मरेल अशा ठिकाणी सोडून देणंही. नको झालेली मांजर पोत्यात घालून नदीपलीकडे सोडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. पिल्लं नको असतील तर नसबंदी करा. तालुक्याला होत नसेल तर नागपूरला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, अकोल्यालाही पशुवैद्यक संस्था आहे.

दवाखान्यात, आणि परत

आपला तालुक्याचा दवाखाना मुळात ढोरांसाठी. खोड्यात बैल असतो, कोणी कुत्रं आणलेलं असतं, एखादी बकरी ओरडत असते. पेटी जमिनीवर ठेवू नका. उंचावर, ओट्यावर किंवा मांडीवर, दुपट्टा टाकलेलाच राहू द्या. गर्दी असेल तर नंबर सांगून कडुनिंबाखाली जाऊन बसा. आत गेल्यावर डॉक्टरांना म्हणा, झाकण काढून आतच पाहता येईल का. आमचे डॉक्टर पहिल्यांदा हसले होते, पण आता तेच इतरांना कॅरेट आणायला सांगतात.

घरी आल्यावर पेटी एका शांत खोलीत उघडा आणि बाजूला व्हा. ती निघेल तेव्हा निघेल. त्याच दिवशी संध्याकाळी खाल्लं नाही तरी चालतं, पण दोन दिवस उलटूनही काहीच खात नसेल तर डॉक्टरांना फोन करा. उपाशी मांजरीच्या, विशेषतः लठ्ठ मांजरीच्या, यकृतात चरबी साचून ते बिघडतं. घरच बदललं असेल, मुलीच्या सासरी किंवा बदलीच्या गावी मांजर नेली असेल, तर दोन-तीन आठवडे घरातच ठेवा, आधी एकाच खोलीत. नव्या चौकटींवर तिचा वास लागेपर्यंत बाहेर सोडली तर ती जुन्या घराच्या शोधात निघते आणि मधल्या डांबरी रस्त्यावर गाडीखाली सापडते.

घरात दुसरी मांजर असेल तर आणखी एक गोष्ट होते, आणि ती कोणी आधी सांगत नाही. चिंगी नसबंदी करून आली तेव्हा तिचा सख्खा भाऊ, एका ताटलीत जेवणारा आमचा काळू, तिच्यावर फिसकारून धावला. आम्हाला वाटलं याला वेड लागलं. त्याला चिंगी दिसत होती, पण वास येत होता स्पिरिटचा, औषधाचा आणि परक्या कुत्र्यांचा. त्याच्या लेखी घरात परकी मांजर शिरली होती. तिला रात्रभर वेगळ्या खोलीत ठेवलं. सकाळी लुगड्याचा तोच तुकडा आधी काळूच्या गालावर फिरवला, मग चिंगीच्या पाठीवर, टाके टाळून, पुन्हा काळूच्या गालावर. दुपारी दार किलकिलं ठेवलं. काळूनं फटीतून नाक घातलं, बराच वेळ हुंगलं आणि तिचा कान चाटायला लागला.